एफ/४ ला चालतो, एफ/८ ला अडतो

मुंबईच्या बोरा बाजारात कॅमेरा दुरुस्तीला घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा रोगाचं निदान घरूनच करून येतं. चिपळूणहून आलेल्या लग्नाच्या फोटोग्राफरनेही टेबलावर पिशवी ठेवता ठेवता निकाल दिला, “काका, बॉडी गेली वाटतं.” पिशवीतून निघाला कॅनन ५डी मार्क टू आणि त्याला लावलेली २४-१०५ ची लेन्स. २००८ साली आलेला हा फुल फ्रेम कॅमेरा २१ मेगापिक्सेलचा. व्हिडिओ तर असा की ‘हाऊस’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या मोसमाचा शेवटचा भाग त्याच्यावर चित्रित झाला होता. इकडे मात्र त्याची उमेदीची वर्षं हळदी, मुंजी आणि रिसेप्शनमध्ये गेली.

तक्रार अशी, की मध्येच ‘एरर ०१’ येतो आणि ऐन अक्षतांच्या वेळी कॅमेरा हटून बसतो. लेन्सचे कॉन्टॅक्ट साफ करा, असं पडद्यावर येतं. ते पठ्ठ्याने शर्टाच्या टोकाने दहादा पुसून झाले होते.

मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हरला हात लावला नाही. आधी बॅटरी बदलली, मग लेन्स काढून दुकानातली ५० एमएमची लेन्स लावली आणि सगळ्या अ‍ॅपर्चरवर धडाधड क्लिक मारले. एकदाही अडलं नाही. बॉडी सुटली. मग मूळच्या लेन्सचे सोनेरी कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ती परत चढवली. एफ/४ ला फोटो निघाला, पुन्हा निघाला. एफ/८ वर नेल्याबरोबर एरर ०१.

अर्धं काम इथेच झालं. १९८७ पासून कॅननच्या ईएफ लेन्समध्ये बॉडीकडून अ‍ॅपर्चर हलवणारा दांडा नाही. पाती मिटवणारी छोटी मोटर लेन्सच्याच पोटात असते आणि बॉडीकडून तिला फक्त विजेचा हुकूम जातो. व्ह्यूफाइंडरमधून बघताना पाती पूर्ण उघडी असतात, मिटतात ती फक्त फोटो निघण्याच्या क्षणी. एफ/४ हेच या लेन्सचं पूर्ण उघडं अ‍ॅपर्चर, म्हणून तिथे मोटरला कामच पडत नाही आणि बिघाड झाकून राहतो. मेकॅनिकने लेन्सचं तोंड फोटोग्राफर मुलाकडे वळवलं आणि डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबलं. आठ पाती जरा थरथरली आणि जागच्या जागी थांबली.

दोष पात्यांचाही नव्हता. मोटरपर्यंत जाणारी फ्लेक्स, म्हणजे तांब्याच्या रेषा छापलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी, झूमबरोबर दर वेळी वाकते. वर्षानुवर्षं वाकून वाकून एका घडीपाशी तांबं तडकतं. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही. भिंगाखाली धरल्यावर केसासारखी काळी रेघ दिसली.

लेन्स उघडणं हे मात्र धीराचं काम. जपानी स्क्रूंची खाच नेहमीच्या फिलिप्सपेक्षा निराळी असते. चुकीचं टोक लावून जोर केला की डोकं घासलं जातं आणि स्क्रू जन्मभर तिथेच. काचांचे गट बाहेर काढण्याआधी मेकॅनिक सुईने बारीक खुणा करतो, कारण बसवताना जराशी फिरवाफिरव झाली तरी फोटोची एक बाजू कायमची मऊ येते. नवी फ्लेक्स सॉकेटमध्ये सरकवून तांदळाएवढं कुलूप चिमट्याने खाली दाबायचं. तेवढ्या वेळात दुकानात कोणी बोलत नाही.

लेन्स जोडून झाल्यावर एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढला. त्यात डझनभर काळे ठिपके. अ‍ॅपर्चर लहान केलं की सेन्सरवरच्या धुळीची सावली ठळक पडते. मोठ्या अ‍ॅपर्चरला ती विरून जाते, म्हणून कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ताच नसतो. फोटोत ठिपका वर उजवीकडे असेल तर समोरून बघताना धूळ खाली उजवीकडे सापडते. आधी ब्लोअर, मग २४ मिलिमीटरचा स्वॅब, एकाच दिशेने एक हात. त्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज हवी. मध्येच वीज गेली तर आरसा आणि शटर स्वॅबवरच मिटतात.

मुलाने दुसरी लेन्स पुढे केली. आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी नक्षी. कोकणातला पाऊस आणि फोमची बंद बॅग, बुरशीला आणखी काय हवं? ही काच हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ होईल, पण बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग राहणार, असं मेकॅनिकने आधीच सांगून टाकलं. त्याने हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत ४० ते ५० टक्के आर्द्रता आहे ना, हे दाखवणारा छोटा मीटर ठेवायला सांगितलं. मुलगा घरी तांदळाचा डबा वापरत होता, त्यावर काकांनी कपाळाला हात लावला. तांदळाची भुकटी फोकस रिंगमध्ये शिरते ती वेगळीच.

तारीख-वेळ सारखी पुसली जात होती, त्यासाठी आतला सीआर१६१६ सेल बदलला. अंगठ्याखालचं रबर सुटलंय, तेही चिकटवून देतो म्हणाले.

“किती वाढतील?”

आकडा ऐकून मुलाने रबर दाबून बघितलं. “राहू दे काका, सीझननंतर आणतो.”