सामना एक, पैसे दोनदा!

वाचकहो, रविवारी सामना असला की वस्तीतली पोरे आमच्या दारात जमतात. यंदा केबलवाल्याने खेळाच्या वाहिन्यांचे पैसे वेगळे मागितले. आम्ही दिले. तरी षटक संपले की जाहिरात, गडी बाद झाला की जाहिरात! मग आम्ही पैसे मोजले ते कशाचे?

उत्तर मोठ्या आकड्यांत आहे. २०२२ साली आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. एवढी रक्कम वसूल करायची, तर एक हात जाहिरातदाराच्या खिशात आणि दुसरा आपल्या खिशात जाणारच.

पण एक गोष्ट घरोघरी माहीत हवी. क्रिकेटच्याच प्रक्षेपणाच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आकाशातील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने, कंपनीच्या जाहिराती वगळून, प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. मात्र २०१७ च्या निकालानुसार असे सामने दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दिसतात, खाजगी केबलवर नाही. फ्री डिशचा खर्च एकदाच. महिन्याचे भाडे नाही.

शिवाय २०१९ पासून हवी ती वाहिनी सुटी घेता येते. अख्खे पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल, तर माताभगिनींनो, ठामपणे नको म्हणा. हंगाम संपला की वाहिनी बंद करा. आम्ही केली. वाचलेल्या पैशांतून पोरांना बॅट आणली. आता रविवारी ती मैदानात असतात.