सरकारी खरेदी : पेढीपुढील नवे दालन

व्यापारी घराण्यांची पत पिढ्यान्‌पिढ्या ओळखीवर आणि दिलेल्या शब्दावर उभी राहिली. सरकारी खरेदीत मात्र ओळखीपेक्षा कागद बोलतो. २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या केंद्राच्या खरेदी-संकेतस्थळामुळे तालुक्याच्या पेढीलाही दूरच्या कार्यालयाची मागणी दिसू लागली.

केंद्राच्या धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यात ३ टक्के वाटा महिला उद्योजकांचा. या उद्योगांना अनामत रकमेतही सूट मिळते. नेमकी येथेच अनेकांची गफलत होते. २०२१ पासून ‘उद्यम’ नोंदणी व्यापाऱ्यांनाही खुली झाली. परंतु तिचा लाभ प्राधान्यक्षेत्र कर्जापुरताच आहे. खरेदीतील सवलती उत्पादक व सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहेत. म्हणून केवळ विक्री करणाऱ्या पेढीने अनामतीची तरतूद आधीच ठेवावी. नव्या पिढीने आपल्याच मालाशी निगडित उत्पादनाचा वा देखभाल-सेवेचा विचार केल्यास कंत्राटांचे क्षेत्रही रुंदावेल.

दुसरी सावधगिरी नीतीची. स्पर्धा भासावी म्हणून नात्यातल्या फर्मनी ठरवून चढ्या दराच्या निविदा भरणे, हे स्पर्धा अधिनियम, २००२ खाली संगनमत ठरू शकते. नमुना एक आणि पुरवठा दुसरा, हा तर अचौर्याणुव्रताचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ नावाचा अतिचारच होय.

हुकलेली निविदा पुन्हा निघते. काळ्या यादीत गेलेले पेढीचे नाव सहजासहजी उजळत नाही.