दादाला कॉलेज बदलायचंय!

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी शाळा बदलली आहे? बाबांची बदली झाली, की मुख्याध्यापकांकडे अर्ज जातो, शाळा सोडल्याचा दाखला मिळतो आणि जूनमध्ये परक्या गावात, परक्या बाकावर आपण गुपचूप जाऊन बसतो. मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खायचा, हाच पहिल्या आठवड्यातला सगळ्यात मोठा प्रश्न! माझ्या वर्गात दर वर्षी असा एखादा तरी नवा पाहुणा येतो.

पण तिथे निर्णय घेतलेला असतो मोठ्यांनी. कॉलेजात गेलेल्या दादाचं किंवा ताईचं तसं नसतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला दादा चिवडा खाता खाता एकदम म्हणतो, "मला हे कॉलेज नको. दुसऱ्या विद्यापीठात जायचंय." झालं! आजी म्हणते, ही धरसोड बरी नव्हे. काका म्हणतात, जाऊ दे त्याला. आई आधी भरलेल्या फीचा हिशेब काढते. तुम्ही मात्र दाराआडून सगळं ऐकत असता. आज त्याच विषयावर बोलू या.

आता ही गंमत ऐका. रिचर्ड फाइनमन हे अमेरिकेतले मोठे शास्त्रज्ञ. १९६५ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक वाटून मिळालं. त्यांनी १९३९ साली एम.आय.टी. या नामांकित संस्थेतून पहिली पदवी घेतली. पुढचं शिक्षणही तिथंच घ्यायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. तिथले प्राध्यापक स्लेटर यांनी कारण विचारलं. फाइनमन म्हणाले, विज्ञानासाठी हीच देशातली सर्वांत चांगली संस्था आहे, म्हणून. त्यावर स्लेटरांनी काय सांगावं? असं वाटतंय ना, म्हणूनच तू इथून जायला हवंस. बाकीचं जग कसं आहे ते बघ!

फाइनमन प्रिन्स्टनला गेले. पहिल्याच दिवशी चहापानाचा समारंभ. यजमानीणबाईंनी विचारलं, चहात दूधसाय घालू की लिंबू? बावरलेले फाइनमन म्हणाले, दोन्ही! आता दुधात लिंबू पिळलं तर काय होतं ते तुमच्या आईला विचारा. जेवायलाही तिथे झगा घालून बसावं लागे. पण खरं आश्चर्य पुढेच होतं. अणूंचा अभ्यास करण्याचं सायक्लोट्रॉन नावाचं एक अवजड यंत्र असतं. एम.आय.टी.मधलं यंत्र कसं चकचकीत, नीटनेटकं! प्रिन्स्टनचं पाहायला गेले, तर खोलीभर तारा लोंबताहेत, कुठे पाणी ठिबकतंय, टेबलांवर अवजारांचा पसारा. फाइनमन खूश झाले. इथली माणसं यंत्र स्वतःच्या हातानं बांधतात, मोडतात, पुन्हा जोडतात, म्हणूनच त्यांच्या प्रयोगांतून इतकं काही निघतं, हे त्यांच्या लक्षात आलं. हे माहितीपुस्तकातला फोटो पाहून कधी कळलं असतं का?

आता थोडं पालकांशी. मुलगा कॉलेज बदलायचं म्हणाला, की लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच 'हो'सुद्धा म्हणू नका. आधी त्याच्याकडून खरं कारण काढून घ्या. हवा असलेला विषय तिथे शिकवतच नाहीत, प्रयोगशाळा नावालाच आहे, घरी आजारपण आहे, पैशांची ओढाताण होते आहे, कुणी छळतं आहे, ही कारणं वजनदार आहेत. छळ होत असेल तर वर्षअखेरीची वाट पाहायची नाही, तेव्हाच उठून प्राचार्यांना भेटायचं. पण नुसतं 'करमत नाही' हे कारण, माझं मत विचाराल तर, पहिल्या परीक्षेपर्यंत तरी झाकून ठेवावं. मेसचं पाणीदार वरण आणि खोलीतल्या जोडीदाराचं घोरणं दुसऱ्या विद्यापीठातही भेटणारच! आपला मित्र तिकडे आहे म्हणून जाणं तर मला मुळीच पटत नाही. मित्राचं उद्या दुसऱ्याशी जमलं म्हणजे?

कागदपत्रांचंही बघावं लागतं. जुन्या कॉलेजातून टी.सी., जुन्या विद्यापीठातून मायग्रेशन सर्टिफिकेट म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रतेचा दाखला लागतो. नव्या ठिकाणी जागा रिकामी हवी. अभ्यासक्रम जुळला नाही, तर राहिलेले विषय मागून द्यावे लागतात आणि त्यात एखादं वर्ष जाऊ शकतं. २०२१ सालापासून आपल्या देशात 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली आहे. बँकेत पैसे साठवतो तसे उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक तिथे खात्यावर जमा होतात. पण ते धरायचे की नाही आणि किती धरायचे, हे नव्या विद्यापीठाकडून आधी लेखी घ्यावं. शिष्यवृत्ती असेल, तर ती पुढे चालू राहणार की बंद पडणार, हेही विचारावं. आणि नवा प्रवेश हातात पडल्याशिवाय जुन्या कॉलेजचा दाखला काढू नये, बरं का! नाहीतर इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, अशी गत होते.

नवीन ठिकाणी गेल्यावर सगळ्यांचे कंपू आधीच जमलेले असतात. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी सारेच नवे असतात, एकमेकांना चिकटतात. मधेच आलेला मात्र एकटा पडतो. अशा वेळी रोज त्याच वेळेला ग्रंथालयात बसणं, मैदानावर किंवा नाटकाच्या तालमीला जाणं उपयोगी पडतं. तीच माणसं रोज भेटली की ओळखी आपोआप होतात. आणि तुम्ही धाकट्यांनी काय करायचं? रविवारी फोनवर दादाला 'करमतंय का?' असं विचारू नका. 'आज काय खाल्लंस?' असं विचारा. बघा कसा भरभरून बोलतो!

एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना किती सोसावं लागतं, याचं उदाहरण तर आपल्याच घरातलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे गुरू मिळाले. १९१५ साली ते एम.ए. झाले. पण अर्थशास्त्राचा आणखी अभ्यास आणि बॅरिस्टरी, या दोन्ही गोष्टींसाठी त्यांना लंडन हवं होतं. १९१६ साली ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन इथे त्यांनी नाव घातलं.

वर्षही नीट पुरं झालं नाही, तोच शिष्यवृत्ती संपली. १९१७ साली परतावं लागलं. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करीन, अशी विद्यापीठाकडून परवानगी घेऊन ठेवली. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती पाणतीराने बुडाली आणि जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पै पै साठवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पैसे उसने दिले. १९२० साली, मुदत संपायच्या आत, ते पुन्हा लंडनला हजर झाले!

न्यूयॉर्कची एम.ए. गाठीशी असूनही १९२१ साली त्यांनी लंडनची एम.एस्सी. पुरी केली. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी शिरायचं ते बंद होईपर्यंत वाचत बसायचं. रात्री भूक लागली, की परिचिताने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे आणि वर कपभर दूध प्यायचं, असं त्यांच्या चरित्रात वाचायला मिळतं. मधेच, १९२२ साली, जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही ते जाऊन आले. पण लंडनचं काम अर्धवट टाकून तिथे थांबले नाहीत. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरफार करायला परत दिला. तोवर ते मुंबईला आले होते. तिथूनच त्यांनी तो सुधारून पाठवला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? तिथला नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी नाही. छपाईला पैसा कुठला? तो प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने निघाला आणि १९२७ साली पदवी हाती आली. बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडलं त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.