थंडींतील ऊब व घरांतील हवा

नवी मुंबईंत राहणाऱ्या शिक्षकानें घर ऊबदार ठेवण्याविषयीं लिहावें, हें पाहून आपणांपैकीं पुष्कळांस हसूं येईल. जेथें वर्षाचे नऊ-दहा महिने पंख्यास विसांवा नाहीं, तेथें थंडीची मातबरी ती काय! ता. २२ जानेवारी १९६२ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथील वेधशाळेंत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, ही आमच्या बाजूची मोठी थंडी म्हणावयाची. एरवीं डिसेंबर-जानेवारीच्या पहांटे पारसिकच्या डोंगराकडून गार वारा सुटला, कीं आपण कपाटांतील स्वेटर बाहेर काढतों, व दहा वाजतां तो पुन्हां कपाटांत जातो. असें असूनही या विषयावर लिहिण्याचें कारण आमच्याच घरीं घडलें आहे. तें आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन जानेवारींत आमच्या घरीं कन्यारत्न झालें. बाळंतिणीच्या शुश्रूषेकरितां आमच्या सासूबाई नगर जिल्ह्यांतील (ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात) आपल्या गांवाहून आल्या. येतांना त्यांनीं लोखंडी शेगडी, अर्धें पोतें लांकडी कोळसा, आणि ओवा, बाळंतशेपा व वावडिंग यांच्या पुड्या आणिल्या. बाळ-बाळंतिणीस शेक व धुरी देण्याची आपल्याकडील चाल सर्वांस ठाऊक आहेच. त्या दिवशीं सकाळीं गारठा बरा होता. सासूबाईंनीं खोलीच्या काचेच्या खिडक्या सरकवून घट्ट लाविल्या, दार ओढून घेतलें, दाराखालीं जुनें लुगडें गुंडाळून ठेविलें, आणि रसरसलेली शेगडी खाटेजवळ आणून ठेविली. आम्ही त्या वेळीं शाळेंत होतों.

तासाभरानें पत्नीचें डोकें जड झालें व मळमळूं लागलें. “अशक्तपणा आहे ग, पडून राहा,” असें सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळानें त्या स्वतः उठावयास गेल्या, तों त्यांचाच झोक गेला. सुदैव असें, कीं समोरच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या परिचारिकाबाई रात्रपाळीहून परततांना बाळास पाहण्याकरितां म्हणून आल्या. त्यांनीं प्रथम खिडक्या उघडल्या, मग शेगडी उचलून गॅलरींत नेली, मायलेकींस बाहेरच्या खोलींत आणिलें, आणि मगच बोलावयास आरंभ केला. सासूबाईंस तें रुचलें नाहीं. “अहो बाई, चार लेकरांना मी अस्साच शेक दिला, एकालाही कधीं कांहीं झालं नाहीं!” असें त्या म्हणाल्या.

सासूबाईंचें म्हणणें खरें होतें. त्या चौघांपैकीं एक तर आमची पत्नीच. मग जी शेगडी गांवीं चाळीस वर्षें निरुपद्रवी होती, ती आमच्या घरीं एका तासांत घातकी कां झाली?

याचें उत्तर शेगडींत नसून घरांत आहे. कोळसा म्हणजे बहुतांशीं कार्बन. त्यास जळतांना भरपूर प्राणवायु मिळाला, तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. प्राणवायु अपुरा पडला, कीं कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या दुसऱ्या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, व तो डोळ्यांस झोंबतही नाहीं. निखारे लाल होऊन धूर थांबला, म्हणजे ‘आतां शेगडी आंत घ्यावयास हरकत नाहीं’ असें आपण म्हणतों. परंतु धूर थांबला म्हणून हा वायु थांबत नाहीं. आपल्या रक्तांतील जें तांबडें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. रक्त वाहत असतें, श्वास चाललेला असतो, आणि तरीही शरीर आंतून गुदमरत असतें. डोकेदुखी, मळमळ व घेरी हीं त्याचीं पहिलीं चिन्हें. त्यानंतर येते ती झोंप, आणि या झोंपेंतच पुष्कळ माणसें गेलेलीं आहेत. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत हा वायु ओळखण्याकरितां पिंजऱ्यांतील कॅनरी पक्षी नेत असत. तो इवला जीव माणसाच्या आधीं कोलमडे, व खाणकामगार सावध होत. ही चाल तेथें १९८६ पर्यंत होती.

आतां सासूबाईंचें गांवचें घर डोळ्यांपुढें आणा. वर कौलें, कौलांना शंभर फटी. भिंत व छप्पर यांच्या मध्यें चिमणी शिरेल एवढी वाट. दार लाविलें तरी खालून बोटभर उजेड दिसावयाचा. गरम हवा हलकी होऊन वर चढे व आपल्याबरोबर हा वायु घेऊन कौलांतून निघून जाई. खालून ताजी हवा आंत येई. तेथें बाजेखालीं शेगडी ठेवीत, आणि घर स्वतःच धुराड्याचें काम करी. आमच्या फ्लॅटास वर सिमेंटाचा स्लॅब, व खिडक्यांच्या फटींस रबराच्या पट्ट्या. बिऱ्हाड बदललें, त्याबरोबर चालही आली. कौलांच्या फटी मात्र गांवींच राहिल्या.

घर ऊबदार करण्याचे जे जे उपाय मनुष्यानें काढिले, ते सर्व याच दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. युरोपांतील लोकांनीं भिंतींत चूल बांधून वर धुराडें काढिलें. ब्रिटिशांनीं तीच पद्धत आपल्याकडील थंड हवेच्या ठिकाणीं आणिली. धूर बाहेर गेला खरा, परंतु त्याबरोबर बहुतेक ऊबही जाई. शेकणाऱ्याचे गुडघे भाजत व पाठ गारठे. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड यांनीं धुराड्याचा गळा अरुंद करून व चुलीच्या बाजू तिरप्या करून खोलींत अधिक ऊब येईल असें केलें. तथापि घरांतून काढलेला धूर शहरांत तर राहतोच. १९५२ च्या डिसेंबरांत ता. ५ ते ९ या दिवसांत लंडनवर कोळशाचा धूर व धुकें असें दाटलें, कीं त्यांत चार हजार माणसें मेल्याचें त्या वेळीं धरलें गेलें. पुढील संशोधकांच्या मतें हा आंकडा याहून पुष्कळच मोठा आहे. १९५६ सालीं तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला, तो यानंतरच.

आपल्याच देशांत काश्मिरी लोक कांगडी वापरतात. वेताच्या टोपलींत मातीचें भांडें, त्यांत निखारे, आणि ती फेरणाच्या आंत पोटाशीं धरावयाची. खोली न तापवितां माणूस तापवावा, ही त्यांतील युक्ति मोठी शहाणपणाची व काटकसरीची आहे. परंतु वर्षानुवर्षें एकाच जागीं कातडी भाजून पोटावर व मांड्यांवर कर्करोग होतो, हें मिशनरी डॉक्टर विल्यम एल्म्स्ली यांनीं १८६६ सालींच लिहून ठेविलें. आणि पुढें श्रीनगरच्या मिशन रुग्णालयांतील डॉक्टर अर्नेस्ट नीव्ह यांनीं अशा शेंकडों रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. बुखारी ही पत्र्याची शेगडी कांगडीपेक्षां सुरक्षित, कारण तिचा नळ छपराबाहेर जातो. तो नळ काजळीनें तुंबला, कीं तीही आमच्या शेगडीच्याच पंक्तीस बसते. हमामाची पद्धत आम्हांस सर्वांत आवडते. दगडी फरशीखालीं पोकळी असते, बाहेरच्या तोंडानें तींत लांकडें जाळतात, आणि वर मंडळी उबेंत गप्पा मारीत बसतात. आग एकीकडे व श्वास दुसरीकडे! प्राचीन रोमन लोकांचीं स्नानगृहेंही अशींच खालून तापवीत असत.

विजेच्या हीटरांत तर आगच नाहीं. तारेंतून वीज जातांना ती तापते, एवढेंच. ‘हीटर प्राणवायु खातो’ ही पालकांमधील एक आवडती समजूत आहे, पण ती चुकीची. तो कांहींच जाळीत नाहीं, खोलींतील हवा मात्र कोरडी वाटूं लागते. त्याचे दोष निराळे. दोन हजार वॅटचा हीटर तीन तास चालला, कीं सहा युनिटें झालीं. शिवाय बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावूं नये. वायर तापून वितळते. पडदा किंवा अंथरूणही त्यापासून हातभर दूर असावें. याहून किफायतशीर म्हणजे ज्या एअर कंडिशनरांत गरम हवेचीही सोय असते तो. तो ऊब उत्पन्न न करितां बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून आंत आणतो, म्हणून एका युनिटांत दोन-तीन युनिटांचें काम होतें. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनीं १८५२ सालींच मांडली होती. आणि लडाखांत लेहजवळ फे गांवीं सेकमॉल या संस्थेच्या शाळेच्या इमारती दक्षिणेकडील कांचा व जाड मातीच्या भिंती यांच्या बळावर केवळ उन्हानें ऊबदार राहतात. बाहेर पाणी गोठत असतां आंत मुलें अभ्यास करीत बसतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. (आमच्या येथें पंधरा अंशांना ‘सर, हात आंखडले’ ही सबब ऐकूं येते!)

उघड्यावरील शेकोटीस आमची हरकत नाहीं. निफाडकडील शेतकरी तर कडाक्याच्या रात्रीं द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून वेलींस ऊब देतात. परंतु आमच्या सोसायट्यांचे पहारेकरी रात्रीं तीच शेकोटी घमेल्यांत घालून आपल्या छोट्या केबिनींत नेतात व दार लावून घेतात, ही गोष्ट प्रत्येक पालकानें आपल्या इमारतींत आजच जाऊन पाहावी. स्नानगृहांतील गॅसच्या गीझरासही हाच नियम लागू. त्याचा नळ बाहेर काढलेला व खिडकी उघडी पाहिजे. कोणी अशा खोलींत बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारें-खिडक्या उघडून त्यास मोकळ्या हवेंत आणावें व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘आतां बरें वाटतें’ म्हटलें तरी डॉक्टरांस दाखवावें. साध्या हवेंत हा वायु रक्तांतून निम्मा उतरावयास चार-पांच तास लागतात. रुग्णालयांत शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें दीड तासांत तेवढें काम होतें.

राहिली बाळाची गोष्ट. नवजात मूल स्वतःची ऊब नीट राखूं शकत नाहीं, म्हणून त्यास जपावें ही सासूबाईंची चिंता सर्वस्वीं योग्य होती. त्या परिचारिकाबाईंनीं त्यांस जो उपाय दाखविला, तो कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं १९७८ च्या सुमारास डॉक्टर एडगर रे यांनीं प्रचारांत आणिला होता. तेथें अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पुरतील इतक्या काचपेट्या नव्हत्या. तेव्हां त्यांनीं बाळें आयांच्या उघड्या छातीशीं कातडीस कातडी लावून बांधून ठेविलीं, व तीं तगलीं. बाईंनीं आमच्या बाळास टोपडें व पायमोजे घालून तसेंच आईच्या छातीशीं दिलें, आणि दोघींवर सासूबाईंनींच शिवलेली गोधडी पांघरली. गोधडी स्वतः ऊब देत नाहीं. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्यें अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, इतकेंच तिचें शास्त्र.

सासूबाईंनीं अर्ध्या तासानें गोधडीखालीं हात घालून बाळाचे तळपाय चांचपले. “गरम आहेत ग,” एवढेंच त्या बोलल्या. धुरी मात्र त्यांनीं सोडली नाहीं. ती त्या गॅलरींत शेगडीवर करीत, व आपल्या पदरास तिचा वास लागला, कीं आंत येऊन बाळास घेत. जातांना शेगडी त्यांनीं येथेंच ठेविली. ती आतां गच्चीवर असते, व तिच्यावर भरताचीं वांगीं उत्तम भाजतात.