सगळेच बोगद्यातून कशाला?

व्हीपीएन सुरू केले की फोनमधून जाणारी माहिती कूटबद्ध होऊन एकाच ‘बोगद्या’तून व्हीपीएनच्या सर्व्हरकडे जाते. त्यामुळे कधी व्हिडिओ रेंगाळतो, तर कधी बँकेचे अ‍ॅप उघडत नाही. मग वैतागून आपण व्हीपीएनच बंद करतो. यावर मधला मार्ग म्हणजे ‘स्प्लिट टनेलिंग’. निवडलेली अ‍ॅप बोगद्यातून, बाकीची थेट इंटरनेटवर! अँड्रॉइडमध्ये याची तरतूद २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून आहे.

मात्र बाहेर ठेवलेल्या अ‍ॅपला व्हीपीएनचे संरक्षण नसते. तुमचा खरा आयपी पत्ता त्याला दिसतो. बँकेचे अ‍ॅप स्वतःची माहिती कूटबद्ध करते, त्यामुळे ते बाहेर चालेल. ब्राउझर आतच ठेवा. कार्यालयाच्या लॅपटॉपवर मात्र आयटी विभागाला विचारल्याशिवाय हा बदल नको. खुले इंटरनेट आणि कार्यालयाचे नेटवर्क एकाच वेळी जोडलेला संगणक हल्लेखोरासाठी आयता पूल ठरू शकतो.