शिवारातला कायदा – भाग ६ : नव्या बंदुकीचे कौतुक

मागच्या भागात रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा कसा होतो ते पाहिले. आता बंदुकीकडे वळू.

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावात कपाशी, तूर, सोयाबीन, चणा ही पिके. तुरीला शेंग धरली की जागल सुरू होते. रोह्यांचा कळप किंवा डुकरांची टोळी एका रात्रीत वावर उलथून टाकते. अशा भागात परवान्याची नवी बंदूक घरी आली की भाऊबंद बघायला जमणारच. कोणी दस्त्यावर हात फिरवतो, कोणी नळीला डोळा लावून आरपार बघतो. खंडेनवमीला ती पुसून, तेल देऊन, झेंडूची फुले वाहून पूजेला मांडली जाते. या कौतुकात मला काही गैर वाटत नाही. गैर सुरू होते ते कौतुकापायी बंदुकीवर करवत चालवली जाते तेव्हा.

आधी परवान्याचे बघू. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. तिने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर साध्या नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. ठासणीची बंदूक ज्याने वापरली त्याला तिचा संथपणा माहीत आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचे, टोपी बसवायची, घोडा ओढायचा. एक बार झाला की सगळे पहिल्यापासून. तोवर कळप दोन वावरे ओलांडून गेलेला असतो. म्हणूनच शेतकऱ्याला बारा बोअरच्या दुनळीची ओढ असते, आणि ती समजण्यासारखी आहे.

बंदूक घेतली की ती अधिकाऱ्यापुढे दाखवून तिचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यावा लागतो. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असे, 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचा झाला. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा आली.

आता फेरफार. दस्त्याला पॉलिश, खांद्याशी रबराची गादी, गळ्यात अडकवायला चामडी पट्टा, एवढ्याने बंदुकीचा प्रकार बदलत नाही. पण मचाणावर न्यायला सोपी पडावी म्हणून नळी कापून आखूड करणे हा कलम 6 खाली गुन्हा आहे. त्याची शिक्षा 2019 पासून किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. खेळण्यातल्या किंवा नकली बंदुकीची खरी करणे, एका प्रकारची बंदूक दुसऱ्या प्रकारात बदलणे, हेही त्याच कलमात येते. क्रमांक घासून काढणे हा आणखी वेगळा गुन्हा. गावातला लोहार कितीही हुशार असो, बंदुकीच्या दुरुस्तीचा परवाना नसेल तर घोडा-चाप उघडायला त्याच्याकडे नेऊ नये. त्यात तोही अडकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी नळी कापण्यात शहाणपण नाही. छर्ऱ्याच्या अनेक बंदुकांची नळी तोंडाशी आतून किंचित निमुळती असते, तिला चोक म्हणतात. छर्रे एकत्र ठेवण्याचे काम तिचे. कापताना नेमका तोच भाग जातो. मग छर्रे लवकर पांगतात, डुक्कर मरत नाही, जखमी होऊन तुरीत घुसते आणि तिथून माणसावर येते. शिवाय पलीकडच्या वावरात दुसरा कोणी जागलीला असतोच.

दाखवण्याबद्दल 2016 चे शस्त्र नियम स्पष्ट आहेत. सार्वजनिक जागी बंदूक झाकून न्यायची, उगारायची नाही. लग्नाच्या वरातीत हर्षाने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोबाइलवर बंदूक रोखलेला व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणांना मी कळकळीने सांगेन की तो व्हिडिओ पोलिसांच्या हाती आयता पुरावा ठरतो.

गांधीजींच्या वर्धा जिल्ह्यात बंदुकीचे समर्थन कसले, असे कोणी म्हणेल. पण सेवाग्रामला येऊन राहण्याआधी सहा वर्षे, 1930 च्या जानेवारीत, गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांतली एक लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत अशी होती. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयाला निःशस्त्र केले होते, ही सल तिच्यामागे होती. आजचा परवाना त्या लढ्यातून आलेला हक्क आहे, म्हणून तो जपून वापरावा असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र जागलीवर जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. बंदुकीचा परवाना हा डुक्कर किंवा रोही मारण्याचा परवाना नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यासाठी वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. तो अर्ज कसा करायचा, सोबत काय जोडायचे, मारलेल्या जनावराचे पुढे काय, हे पुढच्या भागात.