ओरखडे फडक्याचे की धुळीचे?

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचं बोनेट भर उन्हात जरा तिरकं बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांचं गोल जाळं दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ते असतं, फक्त चटकन नजरेत भरत नाही. गाडी कुठे घासलेली नसते, कुणी किल्लीने ओरखडलेली नसते. या रेषा बहुतेक वेळा गाडी धुताना आणि पुसताना पडलेल्या असतात, म्हणजे तिची निगा राखतानाच. त्यामुळे धुतल्यावर गाडी कशाने पुसायची, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

या जाळ्याबद्दलच एक समज पक्का आहे: फडकं गोल गोल फिरवलं म्हणून गोल रेषा पडल्या, सरळ पुसलं असतं तर पडल्या नसत्या. खरं तर या रेषा वाटेल त्या दिशेने गेलेल्या असतात. त्यांतल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून त्या दिव्याभोवती गोल मांडल्यासारख्या दिसतात. रात्री पार्किंगमधल्या दिव्याखाली उभं राहून दोन पावलं बाजूला सरका, ते वर्तुळही तुमच्याबरोबर सरकतं. हात सरळ फिरवावा हे बरोबरच आहे, पण तेवढ्याने ओरखडे टळत नाहीत.

आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपण जिला चकाकी म्हणतो ती त्याची. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी. ‘ओरखडे पडले तर रबिंग-पॉलिश करून टाकू’ असं सहज म्हटलं जातं. पण रबिंग म्हणजे ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणणं. दर वेळी तो थर थोडा पातळ होतो आणि पुन्हा जाड होत नाही.

आता मुख्य गैरसमजाकडे येऊ. घरातलं जुनं सुती बनियन, विटलेली साडी, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा. ‘इतक्या मऊ कापडाने काय होणार?’ हा प्रश्न रास्त वाटतो, आणि कापडाच्या धाग्यापुरता तो खराही आहे. स्वच्छ सुती धागा क्लिअर कोटला फारसं काही करत नाही. करते ती धूळ. रस्त्यावरच्या धुळीत सिलिकाचे, म्हणजे गारगोटीच्या जातीचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या १ ते १० च्या मोह्‌स मापनात त्यांचा क्रमांक ७ लागतो, तर चाकूच्या पात्याचा साधारण साडेपाच. क्लिअर कोट हे अखेर एक प्रकारचं प्लास्टिक, त्या कणांपुढे त्याचा काय टिकाव लागणार?

बनियनचं कापड सपाट असतं. धुण्यात सुटून राहिलेला एखादा कण त्याखाली सापडला की त्याला जायला जागाच नसते. हाताच्या दाबाने तो रंगावर दाबला जातो आणि फडकं जिथवर फिरेल तिथवर रेघ ओढत जातो. मऊपणा इथे कामाला येत नाही. शिवाय जुन्या कपड्याला शिवण असते, दुमडलेली कड असते, कधी विसरलेलं बटण असतं. टर्किश टॉवेलला निदान गाठीगाठींचा पृष्ठभाग असतो, त्यामुळे तो बनियनपेक्षा बरा. पण क्षाराच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवला की तोही खरखरीत होतो आणि गाडीभर सुताचे तुसे सोडतो. म्हणून कापड निवडताना विचारायचा प्रश्न ‘किती मऊ?’ हा नाही. चुकून राहिलेला कण हे कापड रंगापासून दूर, स्वतःच्या पोटात घेतं का, हे बघायचं.

मायक्रोफायबरचं महत्त्व इथेच आहे. त्याचा धागा १ डेनियरपेक्षा बारीक असतो, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅमही भरत नाही. पॉलिस्टर आणि नायलॉन एकत्र काढून नंतर तो धागा उभा चिरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक धाग्याला असंख्य कडा आणि फटी मिळतात. गंमत अशी की पॉलिस्टर स्वतः पाणी जवळपास पीतच नाही. कापसाचा तंतू पाणी आत घेतो. मायक्रोफायबर ते धाग्यांमधल्या फटींत खेचून धरतं. धुळीचा कणही त्याच फटींत आणि लवीत शिरतो आणि रंगापासून जरा उचलला जातो. पाणी असं फटींत खेचलं जातं, म्हणून पुसण्याआधी हे कापड किंचित ओलं करून पिळून घेतलं तर कोरड्यापेक्षा चांगलं शोषतं. ‘पाणी टिपायचं तर कापड ठणठणीत कोरडं हवं’ हा समज इथे उलटा पडतो.

पण पाकिटावर मायक्रोफायबर लिहिलं म्हणजे काम झालं, असंही नाही. स्वस्तातल्या कित्येक कापडांचा धागा नीट चिरलेलाच नसतो. ते पाणी टिपण्याऐवजी पुढे ढकलतात. दुकानात करता येण्यासारखी परीक्षा सोपी आहे: कोरड्या तळहातावरून कापड हलकेच ओढा. चांगलं चिरलेलं मायक्रोफायबर त्वचेच्या बारीक खरखरीत अडकल्यासारखं लागतं, नुसतं निसरडं लागलं तर ते ठेवून द्या. घरी आणल्यावर टेबलावर चमचाभर पाणी सांडा आणि कापड त्यावरून एकदा, दाब न देता ओढा. मागे ओघळ उरला तर ते रंगासाठी नको. जुनी निकामी सीडी असेल तर तिच्या चकचकीत बाजूवर कापडाची कड आणि लेबल घासून बघा. तिथे रेघा उठल्या तर गाडीवरही उठणार. लेबल तर पहिल्याच दिवशी कापून टाकावं.

जीएसएमच्या आकड्याचाही बराच गवगवा आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. जास्त वजन म्हणजे पाणी धरायला जास्त जागा, हे खरं. पण १,२०० जीएसएमचा मोठा टॉवेल भिजला की हाताला जड होतो, पिळवत नाही, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये बाल्कनीत दोन दिवस वाळत नाही; मग कुबट वास धरतो. विणही तितकीच महत्त्वाची. रंगाच्या पत्र्यासाठी पीळ दिलेल्या लांब गाठींचा टॉवेल मला सर्वांत योग्य वाटतो: तो पाणी भराभर ओढतो आणि सहज सरकतो. काचांसाठी वॅफलसारखे चौकोनी खळगे असलेलं पातळ कापड बरं, लव राहत नाही. छोट्या गाडीला साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचा एक टॉवेल पुरतो; मोठ्या गाडीला दोन घ्यावेत, एकच प्रचंड नको.

मायक्रोफायबरऐवजी अनेक जण शॅमॉय, म्हणजे पाणी टिपायचं गुळगुळीत फडकं, वापरतात. प्लास्टिकच्या नळीत मिळणारं पिवळं किंवा निळं शॅमॉय पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं असतं. अस्सल म्हणून विकलं जाणारं चामडं बहुतेक मेंढीचं, माशाच्या तेलात कमावलेलं. दोन्ही पाणी झकास शोषतात, आणि म्हणूनच ‘हेच सर्वांत उत्तम’ असं मानलं जातं. पण दोन्हींना लव नाही. पृष्ठभाग सपाट, रंगाला घट्ट चिकटणारा. कण राहिला की बनियनचीच गत. दरवाजांच्या आतल्या कडा, काचा, डिकीच्या खाचा यांसाठी ते जरूर वापरा. बोनेटवर वापरायचंच असेल तर पसरून थापटा आणि उचला, ओढू नका.

मग पुसूच नये, वाऱ्यावर वाळू द्यावी? हा सल्ला बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याला झेपत नाही. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. बोअरवेलचं पाणी सहज यांच्या मधे कुठेतरी असतं. ३०० धरा: अर्धा लिटर पाणी गाडीवर वाळलं तर सुमारे १५० मिलिग्रॅम क्षार ठिपक्या-ठिपक्यांनी पत्र्यावर बसले. ते तापत्या पत्र्यावर घट्ट होतात आणि मग घासूनच निघतात. थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतात हे मात्र खरं नाही. सपाट पत्र्यावर बसलेल्या थेंबातून प्रकाश एकवटतो तो पृष्ठभागाच्या खाली, रंगावर नव्हे. दोष क्षारांचा आहे. सिरॅमिक कोटिंग असलेल्या गाडीलाही यातून सूट नाही. पाणी घरंगळतं, पण जे थेंब उरतात ते टपोरे असतात आणि प्रत्येकातला क्षार एका जागी गोळा होतो.

पुसण्याचं काम कमी करायचा सोपा उपाय शेवटच्या धुण्यात आहे. नळीचं तोंड काढून टाका आणि पाणी टपावरून संथ, सलग वाहू द्या. फवाऱ्याने थेंब उडतात. सलग पाणी आपल्याबरोबर बरंचसं पाणी खाली घेऊन जातं. गाडी सावलीत हवी. मग टॉवेल टपावर, नंतर बोनेटवर अख्खा पसरून दोन कोपऱ्यांनी हलकेच स्वतःकडे ओढा. दाराच्या खालच्या पट्टीला आणि चाकांना वेगळं फडकं. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो पुन्हा रंगाला लावायचा नाही, कितीही झटकला तरी.

हे सगळं सांभाळूनही ज्या सवयीने आपल्या सोसायट्यांमधल्या गाड्या सर्वांत जास्त खराब होतात, ती वेगळीच आहे. रोज सकाळी एक बादली, एक फडकं आणि ओळीने दहा-पंधरा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी मातकट झालेलं असतं, आणि गाड्या धुतलेल्या नसतात, धूळ बसलेल्या असतात. ओल्या फडक्याने धूळ नाहीशी होत नाही, ती पसरून घासली जाते. ‘रोज पुसल्याने गाडी नवी राहते’ हा मला सर्वांत महागात पडणारा समज वाटतो. यात पुसणाऱ्या दादांचा दोष नाही. त्यांना मिळतं थोडं, वेळ मिळतो त्याहून थोडा, आणि पाणी मोजून. आपण त्यांना सांगावं: दादा, रोज पुसू नका, फक्त काचा आणि आरसे करा, आठवड्यातून एकदा पाण्याने धुवा. आणि त्यासाठी दोन टॉवेल आपण द्यावेत.

टॉवेल वेगळे धुवा, सुती कपड्यांत टाकले तर त्यांचे तुसे लवीत अडकून बसतात. साधा पातळ साबण चालतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, त्याचा थर धाग्यांच्या फटी बुजवतो आणि टॉवेल पाणी घ्यायचा थांबतो. इस्त्रीही टाळा, तिच्या उष्णतेने पॉलिस्टरची टोकं वितळून कडक होऊ शकतात; खूप गरम पाणीही नको. हात फिरवून लव खरखरीत लागली की तो टॉवेल दारांच्या कडांना द्या, नंतर चाकांना, आणि मग इंजिनला.